तो पांढरा बुरखा डॉक्टरचा नव्हे: युद्धछायाचित्रे छापणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
दिवाळी अंकांचे व रविवार पुरवण्यांचे संपादक, तसेच शाळा-ग्रंथालयांत युद्धछायाचित्रांची प्रदर्शने भरवणारी मंडळे यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण असे, की दुसऱ्या महायुद्धातल्या बॅटलशिपांची छायाचित्रे आता सहज मिळतात आणि आपल्याकडे हौसेने छापलीही जातात. पण खालची ओळ बहुतेक वेळा तोफेपाशीच थांबते. ‘अजस्र तोफांच्या सावलीत नौसैनिक’ एवढे लिहिले की काम झाले. त्या नौसैनिकाच्या अंगावर काय आहे, हातात काय आहे, तो तिथे का उभा आहे, याचा पत्ता नसतो. कधी असतो तो चुकीचा असतो. ओळ लिहिण्याआधी चित्रातला माणूस नीट पाहिला जावा, एवढ्यासाठी हे पत्र. उदाहरणे मुख्यतः ब्रिटिश नौदलाची घेतली आहेत, कारण आपल्याकडे छापली जाणारी बरीच छायाचित्रे तिथलीच असतात.

आधी शब्दाचे पाहू. मराठीत ‘युद्धनौका’ म्हटले की विनाशिका, फ्रिगेट, क्रूझर, विमानवाहू जहाज, सगळे त्यात आले. बॅटलशिप ही त्यातली एक वेगळी जात: जाड चिलखत, ब्रिटिश जहाजांवर १४, १५ किंवा १६ इंच तोंडाच्या तोफा आणि आत दीड हजाराच्या आसपास माणसे. तिला सरळ बॅटलशिपच म्हणावे. भारताकडे बॅटलशिप कधीच नव्हती. त्या युद्धात रॉयल इंडियन नेव्हीकडे स्लूप आणि सुरुंग काढणारी लहान जहाजे होती. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी दोन जपानी जहाजांशी भिडलेले ‘बंगाल’ हे त्यातलेच. त्या नौदलात रत्नागिरीकडचे पुष्कळ खलाशी होते. त्यांची छायाचित्रे जरूर छापा, पण शेजारी १४ इंची तोफ लावून ‘आपली कोकणची पोरे’ असे लिहू नका.

जहाज ओळखायचे ते टरेटांवरून. टरेट म्हणजे तोफांचे फिरते चिलखती घर. ‘नेल्सन’ आणि ‘रॉडनी’ यांची तिन्ही टरेटे पुढच्या बाजूला, प्रत्येकात तीन तोफा. ‘किंग जॉर्ज द फिफ्थ’ वर्गाच्या पाच जहाजांवर पुढे चार आणि दोन, मागे चार. ‘वॉरस्पाइट’च्या वर्गात पुढे दोन-दोन, मागे दोन-दोन. खलाशांच्या टोपीच्या फितीवर विसंबू नका. शांततेच्या काळात फितीवर जहाजाचे नाव असे. युद्ध सुरू झाल्यावर बंदरात हिंडणाऱ्या खलाशावरून शत्रूला जहाजाचा माग लागू नये म्हणून फितीवर फक्त ‘एच.एम.एस.’ (म्हणजे ‘राजाचे जहाज’) एवढीच अक्षरे ठेवली. फितीवर जहाजाचे नाव दिसले तर चित्र बहुधा युद्धाच्या आधीचे किंवा नंतरचे आहे, असे धरून पुढे तपासा. डोलकाठीच्या टोकाशी पांढरट डाग किंवा खरवडल्याची खूण दिसली तर तो छपाईचा दोष समजून पुसून टाकू नका. तिथे रडारची एरियल होती आणि सेन्सॉरने ती मुद्दाम घालवली.

आता तो पांढरा बुरखा. डोके, मान आणि हनुवटी झाकणारे पांढरे कापड, कोपरापर्यंत पांढरे हातमोजे, आणि उघडे काय तर डोळे-नाक. याला कुणी शल्यविशारद म्हणते, कुणी आचारी. तो तोफेवरचा माणूस आहे. त्या कापडाला ‘अँटी-फ्लॅश’ म्हणतात: सुती कापड, आग धरू नये म्हणून रसायनात भिजवून वाळवलेले. स्फोटाच्या ज्वाळेचा लोळ क्षणभरच टिकतो, पण तेवढ्यात उघड्या कातडीची साल निघते. चेहरा आणि हात हेच सर्वांत आधी भाजतात. मधे पातळ कापड असले तरी पुष्कळ वाचते. पहिल्या महायुद्धात भाजलेल्यांची संख्या पाहूनच हे कपडे आले. आत प्रचंड घाम येतो, म्हणून जरा उसंत मिळाली की बुरखा मागे ढकलून गळ्यात ठेवतात. तेव्हा चित्रात बुरखा स्वच्छ, इस्त्री केल्यासारखा आणि चेहरा कॅमेऱ्याकडे हसरा असेल तर तो सराव आहे किंवा फोटोसाठी उभे केलेले आहे. तसे असण्यात वावगे काही नाही. फक्त खाली ‘ऐन लढाईत’ असे लिहू नये.

त्या ज्वाळेची एवढी धास्ती का, हे कळायला टरेटच्या पोटात उतरावे लागते. डेकवर दिसते ते फक्त वरचे घर. त्याच्या खाली एक जाड चिलखती विहीर थेट जहाजाच्या तळाकडे जाते आणि तळाशी, पाण्याच्या पातळीखाली, गोळ्यांची खोली आणि दारूकोठार असते. ‘किंग जॉर्ज द फिफ्थ’ वर्गातल्या ‘ड्यूक ऑफ यॉर्क’वरच्या १४ इंची तोफेचा एक गोळा ७२१ किलोंचा. तो माणसाच्या हाताने हलत नाही. हायड्रॉलिक दाबावर चालणारी यंत्रे तो उचलतात, हॉइस्टने वर आणतात आणि ठासणीचा दांडा तो नळीत ढकलतो. त्यामागे कॉर्डाइट, म्हणजे गोळा फेकणारी दारू. एका पूर्ण बारासाठी सुमारे १५३ किलो, चार पिशव्यांत विभागलेले. पिशव्या रेशमी कापडाच्या असत. ही चैन नव्हती. साधे सुती कापड जळून मागे धुमसता तुकडा राहू शकतो आणि पुढच्या बाराची दारू त्यावर पडली तर तोफ उघडी असतानाच पेटते. रेशीम मागे निखारा ठेवत नाही. पिशवीच्या टोकाला काळ्या दारूची छोटी गादी शिवलेली असते, कारण कॉर्डाइट एकदम पेट घ्यायला तिची ठिणगी लागते. हीच गादी सर्वांत हळवी जागा. दारूकोठारात काम करणाऱ्यांच्या पायात खिळ्यांचे बूट चालत नाहीत, खिशात काडेपेटी चालत नाही.

कोठार ते तोफ हा सगळा मार्ग ज्वाळाबंद हवा. एक झडप बंद झाल्याशिवाय दुसरी उघडू नये, अशी रचना असते. ही शिस्त मोडली की काय होते ते ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत दिसले. ‘इंडिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ ही तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर (बॅटलशिपसारख्या मोठ्या तोफांची, पण पातळ चिलखताची वेगवान जहाजे) काही तासांत फुटून बुडाली. तिन्ही मिळून तीन हजारांहून अधिक माणसे गेली. भरधाव मारा करता यावा म्हणून दारूच्या पिशव्या कोठाराबाहेर काढून ठेवायच्या आणि दारे उघडी टाकायची, ही त्या ताफ्यातली सवय अनेक इतिहासकार या नाशाला कारण मानतात. टरेटवर गोळा बसला, आतल्या पिशव्या पेटल्या, आणि आग उघड्या दारांतून थेट कोठारात उतरली. पुढच्या युद्धातला तो बुरखा आणि त्या दुहेरी झडपा या दिवसानंतरच्या. दुहेरी झडपांचे दुसरे टोकही सांगायला हवे. सुरक्षेसाठी एकमेकांत अडकवलेल्या एवढ्या कळा असल्या की एक जरा वाकडी झाली तरी सगळे अडते. २४ मे १९४१ रोजी ‘बिस्मार्क’ या जर्मन बॅटलशिपसमोर नव्याकोऱ्या ब्रिटिश ‘प्रिन्स ऑफ वेल्स’च्या तोफा पुन्हा पुन्हा अडल्या; यंत्रे मुरलेली नव्हती आणि जहाजबांधणी कारखान्याचे कामगार तेव्हाही जहाजावरच होते.

या खालच्या जगाची छायाचित्रे फार थोडी आहेत, आणि त्याची कारणे साधी आहेत. तिथे उजेड नाही, फ्लॅशचा दिवा दारूशेजारी कोण लावू देणार? यंत्रे गुप्त. आणि अधिकृत छायाचित्रकार सोडले तर खलाशांना कॅमेरा बाळगायला बंदी होती, रोजनिशीलाही. त्यामुळे आपल्यासमोर येते ते डेकवरचे, दिवसाउजेडीचे, बहुधा बंदरातले आयुष्य. बॉयलरच्या खोलीत कोंडलेल्या हवेच्या दाबाखाली उभे असलेले स्टोकर, म्हणजे बॉयलर पेटते ठेवणारे खलाशी, आत जायला दोन दारांच्या मधल्या कोठडीतून जावे लागणारे, हे चित्रांत जवळपास नाहीतच. पानभर चित्रे छापणार असाल तर निदान एका ओळीत हे सांगा, की माणसांचा मोठा हिस्सा चौकटीच्या खाली होता.

दंडावरच्या पट्ट्या. डाव्या दंडावर उलट्या कमानीसारख्या तीन पट्ट्या दिसल्या की ‘सार्जंट’ लिहायचा मोह होतो. ब्रिटिश नौदलात त्या चांगल्या वर्तणुकीच्या पट्ट्या: तीन, आठ आणि तेरा वर्षांच्या सेवेनंतर एकेक. तीन पट्ट्यांचा माणूस साधा खलाशीच असू शकतो. फक्त तेरा वर्षे कुठल्या गुन्ह्यात सापडला नाही, असे त्याचे सोबतीच गमतीने म्हणत. हाच दंड आणखी एका कामाला येतो. पट्ट्या उजव्या दंडावर दिसत असतील तर निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे. बॅटलशिप दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, म्हणून जहाजाकडे पाहून ही चूक कळत नाही.

कोवळे चेहरे दिसले की ‘प्रशिक्षणार्थी’ लिहितात. ते ‘बॉय सीमन’, म्हणजे अठरा वर्षांखालचे खलाशी, असू शकतात, आणि ते लढाऊ जहाजावर नेमणुकीलाच होते. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री स्कापा फ्लो या सुरक्षित मानलेल्या नांगरवाड्यात शिरून जर्मन पाणबुडीने ‘रॉयल ओक’ बुडवली, तेव्हा आठशेहून अधिक माणसे गेली. त्यांत शंभराहून अधिक अठरा वर्षांखालची पोरे होती.

लाकडी पिंप, त्यावर राजासाठी दुवा मागणारी पितळी अक्षरे, भोवती भांडी घेऊन उभी माणसे: हे पाणीवाटप नाही, रमवाटप. रोज दुपारच्या सुमारास माणशी पाइंटचा आठवा भाग, म्हणजे सुमारे ७१ मिलिलिटर कडक रम. वरिष्ठ पेटी ऑफिसरांना (खलाशांतल्या वरच्या हुद्देदारांना) ती तशीच मिळे. बाकीच्यांना दोन भाग पाणी घालून. पाणी घालण्यामागे हिशेब होता. नुसती रम बाटलीत साठवून एकदम ढोसता येते. पाणी घातलेली लवकर उतरते, बेचव होते, मग साठवून उपयोग नाही. वीस वर्षांखालच्यांना रम नाही. न पिणाऱ्याला रोज तीन पेन्स जास्त. ही प्रथा ३१ जुलै १९७० ला बंद झाली, म्हणून पिंपावरून काळ ठरवायला जाऊ नका, युनिफॉर्म पाहा.

झोपण्याच्या चित्रांत छताला टांगलेल्या कॅनव्हासच्या झोळ्या दिसतात. त्याच जागेत दिवसा जेवणाची टेबले. म्हणजे पहाटे झोळ्या निघाल्याच पाहिजेत, नाहीतर न्याहारी मांडायला जागा नाही. झोळी गुंडाळून दोरीचे सात वेढे घालून घट्ट बांधायची आणि ठरलेल्या कप्प्यात उभी ठेवायची. वेढे घट्ट हवेत, कारण नीट बांधलेली झोळी माणसाला काही वेळ पाण्यावर तरंगत ठेवते, आणि भिंतीला पडलेले भोक बुजवायलाही कामाला येते. सैल बांधली तर ती नुसती ओली सतरंजी. समुद्रावर धोक्याच्या काळात पुष्कळ जण झोळी बांधतच नसत. कपड्यांनिशी, आपल्या तोफेशेजारी किंवा टेबलाखाली आडवे होत. छातीभोवती गुंडाळीसारखे काही दिसते ते पट्ट्याचे किंवा दारूगोळ्याचे नव्हे, तोंडाने फुगवायचे रबरी लाइफबेल्ट आहे.

कपडे धुण्याच्या चित्रांत आपल्या ओळखीचा एक शब्द लपला आहे. ब्रिटिश खलाशी कपडे धुण्याला ‘धोबीइंग’ म्हणत, आणि चार सोबती मिळून पैसे घेऊन इतरांचे कपडे धुण्याचा धंदा करत त्याला ‘धोबी फर्म’. पूर्वेकडच्या बंदरांतून तो शब्द त्यांच्या तोंडी बसला आणि उत्तर ध्रुवाकडच्या थंडीतही टिकला. हे मात्र खुशाल छापा. गोडे पाणी जहाजावरच समुद्राच्या पाण्यातून काढावे लागे आणि त्यावर पहिला हक्क बॉयलरचा, म्हणून ही धुणी नेहमी कमी पाण्यात चालत. शिवणयंत्रावर बसलेला माणूसही जहाजाचा अधिकृत शिंपी असेलच असे नाही. डागडुजीसाठी अर्धा दिवस मोकळा देण्याची जुनी पद्धत होती, आणि ज्याचे हात चालत तो तिथेही दोन पैसे कमवी.

पहिल्या महायुद्धातल्या काही चित्रांत चेहरे काळे ठिक्कर असतात. खाली ‘भीषण संग्रामानंतर’ असे लिहिलेले असते. बहुतेक वेळा तो कोळसा असतो. तेव्हाची जहाजे कोळशावर चालत आणि मोहिमेवरून बंदरात आली रे आली की झोपेआधी कोळसा भरायचा, कारण पुन्हा कधी निघावे लागेल सांगता येत नसे. सुमारे १०० किलोंची पोती, डेकपासून कोठीपर्यंत माणसांची रांग, अधिकाऱ्यांनाही सुटका नाही, आणि हात चालते राहावेत म्हणून बाजूला बँड. मग सगळे जहाज धुवायचे. ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि तिच्या वर्गातली ‘वॉरस्पाइट’, ‘मलाया’ वगैरे जहाजे पहिल्यापासून तेलावरची. तेव्हा ‘वॉरस्पाइट’वर कोळसा भरताना असे काही लिहिलेले मिळाले तर ते जहाज दुसरे आहे.

तीन छायाचित्रे मात्र वारंवार चुकतात, त्यांचे वेगळे सांगतो.

एक जहाज कुशीवर झुकलेले, कुशीवर मुंग्यांसारखी माणसे, आणि पुढच्या चौकटीत प्रचंड स्फोट. हे सर्रास ‘हूड’ म्हणून छापले जाते. ‘हूड’ ही ब्रिटिश बॅटलक्रूझर २४ मे १९४१ रोजी ग्रीनलंड आणि आइसलंड यांच्यामधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत गेली, १,४१८ पैकी तिघे वाचले. तिच्या स्फोटाचे इतक्या जवळचे चित्र नाही, दुरून दिसलेला धूर तेवढा आहे. कुशीवर झुकलेली ती ब्रिटिश बॅटलशिप ‘बारहॅम’. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी भूमध्य समुद्रात यू-३३१ या जर्मन पाणबुडीचे तीन टॉर्पेडो लागले आणि पाच मिनिटांच्या आत दारूकोठार फुटले. शेजारच्या ‘व्हॅलियंट’वर वृत्तपटाचा कॅमेरामन होता, त्याच्या फिल्ममधल्या या चौकटी आहेत. ८६०हून अधिक माणसे गेली, आणि ब्रिटिश सरकारने ती बातमी जानेवारी १९४२ पर्यंत दाबून ठेवली. एखाद्या मरणाचे चित्र छापताना निदान कुणाचे मरण हे बरोबर असावे, असे आम्हांला वाटते.

दुसरे, डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या तरुणांची रांग जहाजाच्या शिडीवरून उतरते आहे. ‘फाशीकडे’ असे काही लिहू नका. ‘शार्नहॉर्स्ट’ या जर्मन बॅटलशिपवरचे वाचलेले खलाशी आहेत ते. २६ डिसेंबर १९४३ रोजी नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे नॉर्थ केपजवळ ती बुडाली. १,९००हून अधिक गेले, ३६ वाचले. त्यांना स्कापा फ्लो इथे युद्धकैदी म्हणून उतरवताना तिथला तळ दिसू नये म्हणून पट्ट्या. अंगावरचे कपडेही बुडालेल्यांसाठी ठेवलेले ब्रिटिशांचेच. याच लढाईविषयी आणखी एक: ती ध्रुवीय रात्रीच्या अंधारात, रडारवर आणि प्रकाशगोळ्यांवर झाली. उन्हात तोफा डागणारे जहाज दाखवून ‘नॉर्थ केपची लढाई’ असे लिहिले असेल तर ते डोळे मिटून बाजूला ठेवा. लढाईनंतर, त्या लढाईत लढलेल्या ‘ड्यूक ऑफ यॉर्क’च्या तोफांखाली तिच्या तोफचींचा घेतलेला गटफोटो खरा आहे, तो स्कापातला.

तिसरे उदाहरण एकाच जहाजाचे, ‘प्रिन्स ऑफ वेल्स’चे. डिसेंबर १९४१ च्या सुरुवातीला ती सिंगापूरला पोचली. उत्तर अटलांटिकच्या हिशेबाने बांधलेल्या या जहाजाची हवा खेळवण्याची व्यवस्था विषुववृत्ताजवळ अपुरी पडली. बॉयलरखोल्यांत माणसे कोसळत होती, उष्म्याने आणि दमट हवेने रडार रुसले होते. या काळात डेकवर उघड्यावर झोपलेले खलाशी दिसले तर तो निवांतपणा समजू नका. १० डिसेंबरला जपानी विमानांचा टॉर्पेडो डावीकडच्या बाहेरच्या पंख्याच्या दांड्यापाशी लागला. वाकलेला दांडा फिरतच राहिला आणि त्याने आतल्या भिंतींची पाणीबंद बूचे फाडली. पाणी यंत्रखोल्यांत शिरले, विजेची जनित्रे बंद पडली, आणि विजेबरोबर पंप, दिवे, पंखे आणि विमानविरोधी तोफाही बसल्या. शेवटचे चित्र प्रसिद्ध आहे: ‘एक्स्प्रेस’ ही विनाशिका बाजूला भिडली आहे आणि कठड्याशी दाटीने उभी माणसे तिच्यावर उतरताहेत. ३२७ जण गेले. ‘एक्स्प्रेस’ अगदी शेवटच्या क्षणी सुटली. कलंडणाऱ्या जहाजाच्या पोटाची कड तिच्या तळाला घासून गेली होती.

रंग भरण्याविषयी दोनच शब्द. युद्धकाळी जहाजांना करडे, निळे, हिरवट असे अनेक रंगांचे पट्टे देत आणि ते काही महिन्यांत बदलत. संगणकाने सगळे एकाच राखाडीत बुडवले की तारीख ठरवायचा पुरावाच जातो. मूळ काळे-पांढरे चित्र शेजारी छापा, लहान आकारात का होईना.

तपासायचे कसे? लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये ब्रिटिश नौदलाच्या अधिकृत छायाचित्रांचा मोठा संग्रह आहे; त्यांचे क्रमांक इंग्रजी ‘ए’ अक्षराने सुरू होतात. चित्राखाली तो क्रमांक छापला तर वाचकालाही मूळ नोंद पाहता येते. मात्र युद्धकाळी लिहिलेली मूळ ओळ सेन्सॉरच्या हाताखालून गेलेली असते; तिच्यात जहाजाचे नाव, जागा किंवा तारीख मुद्दाम मोघम ठेवलेली असू शकते. टरेट, रंगांचे पट्टे आणि माणसांचे कपडे या तिन्हींशी ती ताडून पाहा. जुळले नाही तर नाव न देता ‘ब्रिटिश बॅटलशिप’ एवढेच छापलेले बरे.

ओळ कशी असावी म्हणून एक नमुना जोडतो. चित्र तुमच्या पाहण्यात असेलच, चर्चिल आणि रूझवेल्ट शेजारी बसलेले:

‘१० ऑगस्ट १९४१, रविवार. न्यूफाउंडलंडमधील प्लासेंशिया उपसागर. ब्रिटिश बॅटलशिप “प्रिन्स ऑफ वेल्स”च्या मागच्या डेकवर प्रार्थनासभा. ब्रिटिश आणि अमेरिकी खलाशी मिसळून उभे आहेत. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नाही. हे जहाज बरोबर चार महिन्यांनी बुडाले.’

आपले,
जुन्या नौदल छायाचित्रांचे काही अभ्यासक